सकयल कोण आसा?

पहिल्या वेळी नापास झाले
ते चढता येत नव्हतं म्हणून नाही.
लोलयेच्या खडपावर मी पालीसारखी सरसरत गेले,
चौदा मिनिटं, एकदाही पाय न घसरता,
आणि वर पोचून चॉकचे हात पँटला पुसत बसले.
कुलासो सरांनी वही माझ्यापुढे धरली:
'उत्तम चढते. एकटी चढते.'

बाबा दारात कोयती घासत होते.
नापास, म्हटलं.
"तुका? फातराचेर?"
आणि पुन्हा घासायला लागले.

बाबा पाडेली.
पैंगीण ते माशे, दिवसाला चाळीस माड,
पायांत काथ्याचा फास, कमरेला कोयती,
विमा, हेल्मेट असलं काही नाही.
पण पहिला नारळ सोडण्याआधी हाक ठरलेली:
"सकयल कोण आसा?"
खाली कुणी नसलं तरी.
एकदा माडाच्या मुळाशी एक कुत्रं झोपलेलं,
त्याला उठवायला मला पाठवलं त्यांनी.
कुत्रं आळशी, आधी अंग ताणलं, मग जांभई,
तोवर बाबा वर, एका हाताने झावळ धरून,
भर उन्हात.
मी सात-आठ वर्षांची असेन. मला कुत्र्याचंच हसू आलेलं.

पुढचं वर्ष दोर धुण्यात गेलं.
गोड्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा,
वीत वीत बोटांतून सरकवत चाचपायचा
एखादी दुखरी शीर शोधावी तसा.
समुद्राकडच्या बाजूचे जुने बोल्ट
वरून चकचकीत, आतून खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले.
त्यांच्यावर हातोडी मारून कान द्यायचा,
फणस वाजवून बघतात तसा.
बद्द वाजला की लाल रंगाची फुली.
त्या वर्षी मी एकोणीस फुल्या मारल्या.

माणसंही वाचायला लागले हळूहळू.
जो फार बोलतो त्याची गाठ दोनदा बघायची.
पुण्याची एक बाई अर्ध्यावर थिजली,
गुडघा आपोआप नाचायला लागलेला.
मी तिला वर बघ म्हटलं नाही, खाली बघ म्हटलं नाही,
नाश्त्याला काय खाल्लंस, एवढंच विचारलं.
पाव, म्हणाली. आणि पातळ भाजी.
तिखट होती?
हो.
मग डावा पाय जरा उचल.

दुसरी परीक्षा फेब्रुवारीत.
माझ्या दोरावर दोघंजण, ती मागे आडोशाला सुरक्षित.
तिसऱ्या बोल्टच्या वर हात टाकला
आणि नारळाएवढा दगड
तळहाताखाली हलला.
पडला नाही. हलला.
पुस्तकात लिहिलंय, अशा वेळी काय ओरडायचं,
छोटा इंग्रजी शब्द आहे, जगभर चालतो.
माझ्या तोंडून आलं:
"सकयल कोण आसा?"

उत्तर नाही.
मान वळवून पाहिलं तर कुलासो सर
नेमके दगडाच्या रेषेत, हाताची घडी घालून,
आकाशाकडे बघत उभे.
मी पुन्हा विचारलं. ते गप्प.
दगड मनगटावर जड होत गेला,
ग्रॅनाइटच्या कणांनी कातडी सोलली,
घड्याळातला वेळ संपत आला, संपला.
मी दगड धरून राहिले.
किती वेळ, मला माहीत नाही. ते म्हणतात चार मिनिटं.
मग ते बाजूला झाले, रमतगमत,
त्या कुत्र्यासारखेच अगदी.

कार्डावर माझं आडनाव चुकीचं छापलंय,
वेळीपच्या जागी वेलीप. दुरुस्तीला दिलंय.
बाबांनी हार्नेस हातात घेऊन उलटासुलटा केला,
बकल खटखट वाजवून पाहिलं.
घाला ना, म्हटलं, माझ्यासाठी.
"आनी माडाक बोल्ट खंय मारतलें?"

सोमवारी मला सुट्टी.
बाबा वर चढतात, मी कुंपणाशी थांबते,
मान दुखेपर्यंत त्यांच्या टाचांकडे बघत.
झावळ्यांतून हाक येते.
"राव," मी ओरडते, "हांव आसां."
आणि बाजूला व्हायला
उगीच थोडा वेळ लावते.